धुऱ्यावरची निळी टोपी

पौषातल्या त्या रविवारी टाकळीच्या शिवारात एकाच नवसाचे दोन जाळ पेटले. महादेवरावांनी आपल्या गवऱ्या आपल्या शेतात रचल्या, कडूबाने आपल्या शेतात. मध्ये बांधाचा धुरा, धुऱ्यावर बोर, बोरीखाली शेंदूर फासलेला म्हसोबा, आणि म्हसोबापुढे कपाळाला हात लावून बसलेली अन्नपूर्णाबाई. नवस तिचा होता. पोरगा तुळशीराम परमुलखातून सुखरूप आला तर म्हसोबाला रोडगे आणि सगळ्या भाऊकीला एका ओळीत पंगत, असं ती बोलून बसली होती. बोलताना तिच्या ध्यानात आलं नाही की ही भाऊकी एका ओळीत बसवण्यापेक्षा म्हसोबाला उठवून चार पावलं चालवणं सोपं.

"म्या दोन पायल्या गहू सांगतले होते," ती रुखमाबाईला म्हणाली. "तुह्या दोन्ही भावांनी पोतं-पोतं दळून आनलं. एकानं आनलं म्हनून दुसऱ्यानं. एवढे रोडगे खाईन कोन?"

"निवडनूक हाय. परचाराच्या जीपगाडीतले खातीन," रुखमाबाई म्हणाली. "अन् जास्त झालं तं झालं. गहूच हायेत, बंदुका तं नाईत."

पण बंदूकही होती. महादेवरावांच्या खांद्याला ती भरमार बंदूक लटकत होती, आणि कडूबाच्या हातात लखलखीत उन्हात पाच सेलांची बॅटरी होती.

या बॅटरीचा आणि बंदुकीचा इतिहास रुखमाबाईला पाठ होता. वाटणी झाली त्या साली महादेवरावांनी धुऱ्यावर एक जागल्या ठेवला, रात्रीची राखण म्हणून. कडूबाने दोन ठेवले. मोठ्याने धनगराकडून कुत्रा आणला, धाकट्याने त्याच कुत्र्याचा बाप आणला. मोठ्याने खटपट करून बंदुकीचा परवाना काढला, तेव्हा धाकट्याने खामगावला जाऊन दुकानातली सगळ्यात लांब बॅटरी घेतली. कशासाठी, तर या धुऱ्यासाठी. आणि दोघांनी दोन्ही बाजूंनी वखर घालून घालून तो धुरा एवढा कोरला होता की आता त्यावर शेळीलासुद्धा वळता येत नव्हतं. बोरीची बोरं राघू खात होते. खरी गंमत अशी की यंदा रानडुकरांनी दोन्ही शेतांतली ज्वारी लोळवली, कारण झाडून सगळे जागले डुकरांकडे पाठ करून एकमेकांवर डोळा ठेवून बसले होते. एवढं होऊनही कोणी जागल्या कमी केला नाही. सुंभ जळला तरी पीळ काही जात नाही.

हे सगळं रुखमाबाईने हसण्यावारी नेलं असतं. ती मलकापूरला आपल्या घरी सुखी होती, आणि माहेरची भाऊबंदकी लांबून पाहिली तर करमणुकीची असते. पण माघात तिच्या कोकिळेचं लग्न होतं. डोणगावची चांगली सोयरीक चालून आली होती, मांडवाची वेळ ठरली होती, आणि या दोन शहाण्यांनी तिला वेगवेगळे निरोप धाडले होते. निरोप मात्र एकच होता. तो येणार असेल तर मी येत नाही.

मुलीला बोहल्यावर मामाने आणायचं असतं. एक मामा बोलावला तर दुसरा जन्माचा तुटणार. आणि दोघंही आले नाहीत तर कोकिळा बिनमामाची बोहल्यावर चढणार, सख्खे दोन मामा धडधाकट असताना. "म्या एकाले निवडनार नाई," असं रुखमाबाईने नवऱ्याला सांगितलं होतं आणि त्या रात्री उशीत तोंड घालून रडली होती. मग तिला कळलं की अन्नपूर्णेचा तुळशीराम आला आहे आणि येताना डोक्यावर निळी टोपी घेऊन आला आहे. ती कोकिळेला घेऊन तडक माहेरी आली.

तुळशीराम हा चुलतघराण्यातला, दोन्ही भावांना सारखाच पुतण्या. त्याच्या वाटणीला शेत आलंच नव्हतं, त्यामुळे तो दोन्ही घरी खपत असे. पलटणीत गेला आणि तिथून मिसर देशाच्या हद्दीवर गाझा म्हणून ठिकाण आहे तिथे वर्षभर राहून आला. सगळ्या जगाच्या पंचायतीने दोन भांडणाऱ्या देशांच्या मध्ये जी फौज उभी केली होती, तिच्यात तो होता.

"तिकडं एक नाली खोदली हाय, आत्या," ती माहेरी आली त्या दिवशी त्याने सांगितलं होतं. "नालीच्या इकडी एक देश, तिकडी दुसरा. आमी नालीच्या कडेनं निळ्या टोप्या घालून उभे."

"अन् गोळी?"

"झाडाची नाई. आपल्यावर कोनी झाडली तंच."

हे ऐकून महादेवराव खोकला येईपर्यंत हसले होते. गोळी न झाडणारा शिपाई म्हणजे नांगर न ओढणारा बैल, असं ते म्हणाले. पण रुखमाबाई हसली नव्हती. तिला तो नालीवरचा शिपाई फार आवडला. ती त्याला बाजूला घेऊन म्हणाली होती, "तुळशा, रविवारी ती टोपी घालून येजो. तेवढा एक धुरा माह्यासाठी सांभाळ."

आता तो आला. खाकी कपडे, कडक इस्त्री, आणि डोक्यावर ती निळी टोपी, पौषातल्या आभाळासारखी स्वच्छ. बोरीखाली उभा राहून त्याने दोन्हीकडे पाहिलं आणि तोंड गंभीर केलं.

"मोठेबाबा, बंदूक इथं ठेवा. काका, तुमीही."

"माह्यापाशी बंदूक कुठी हाय," कडूबा म्हणाला.

"बॅटरी ठेवा."

"बॅटरीनं कोन मरते बे?"

"तुमी रोज रात्री मोठेबाबाच्या घरात उजेड मारता. मोठी आई सांगत होती."

महादेवरावांची बायको शालूबाई पदराआड हसली. कडूबाने बॅटरी ठेवली, मग परत उचलली, सेल काढून खिशात घातले आणि रिकामं नळकांडं ठेवलं. ते पाहून महादेवरावांनी बंदूक ठेवली आणि बंदुकीच्या दारूची शिंगडी कमरेलाच ठेवली. जागल्यांच्या काठ्या आल्या. बाप कुत्रा आणि लेक कुत्रा दोन वेगळ्या बाभळींना बांधले, पण त्या दोघांचं एकमेकांशी काहीच वैर नव्हतं, ते शेपट्या हलवत राहिले. बोरीखाली एवढा सरंजाम जमला की म्हसोबा दिसेनासा झाला आणि अन्नपूर्णाबाईला काठ्या सारून शेंदूर लावावा लागला.

तोवर रोडगे भाजून झाले होते. निखाऱ्यातून काढून, राख झटकून, बायकांनी ते मोठ्या परातीत टाकले. शालूबाई आणि कडूबाची मंजुळाबाई या दोघी जावा एकाच गंजातलं वांग्याचं भरीत ढवळत होत्या. नवऱ्यांच्या समोर त्या एकमेकींशी बोलत नसत. नवरे खामगावच्या बाजाराला गेले की मात्र बोरीखालून लोणच्याच्या बरण्या इकडून तिकडे जात, हे सगळ्या गावाला माहीत होतं, फक्त त्या दोघांना नव्हतं.

पंगत आडवी मांडली. महादेवराव आणि त्यांची माणसं आपल्या जमिनीवर, कडूबा आणि त्याची माणसं आपल्या जमिनीवर, आणि मधोमध बरोबर धुऱ्यावर तुळशीरामचं पान. कोणी कोणाच्या शेतात पाऊल टाकलं नाही आणि ओळही एकच झाली. अन्नपूर्णाबाईने हात जोडले. रुखमाबाईला इतका आनंद झाला की ती तुपाची चरवी घेऊन उगीचच इकडून तिकडे धावली, कोकिळा तिला "आई, बस ना" म्हणाली, तरी ती बसली नाही.

बोलणंही सुरू झालं. म्हणजे तुळशीराममार्फत.

"तुळशा, त्याले सांग," महादेवराव समोर पाहत म्हणाले, "म्हना, वांगी बरी हायेत."

"काका, वांगी बरी हायेत."

"त्याले सांग, आमच्या मळ्यातली हायेत."

"मोठेबाबा, काकाच्या मळ्यातली हायेत."

"सांग त्याले, वाटलंच. थोडी कडू हायेत."

दोघांमध्ये दोन हातांचं अंतर नव्हतं. एकाचा आवाज दुसऱ्याला तुळशीरामच्या आधी पोचत होता. पोरंटोरं माना इकडून तिकडे फिरवून दमली. रोडग्याच्या घासात तुळशीरामला निरोप पोचवावे लागत होते आणि बिचाऱ्याचा घास घशातच अडकत होता. पण काठी कोणाच्या हातात नव्हती आणि सात वर्षांनी दोन भाऊ एका ओळीत जेवत होते. रुखमाबाई मनात मांडव सजवू लागली. इथे एक मामा, तिथे एक मामा, मध्ये निळी टोपी. भटजींना सांगून ठेवलं की झालं.

"तुळशा," ती वाढता वाढता म्हणाली, "लग्नातही तूच मधी उभा राह्यजो. हीच टोपी घालून. तुह्यासाठी रेशमी फेटा घेतला असता, पन ही टोपीच पाह्यजे."

तुळशीरामने घास खाली ठेवला. "कधी हाय लग्न?"

"माघाच्या शेवटाले."

"आत्या, मले त्याच्या आधीच पलटणीत जा लागते. रजा संपते."

रुखमाबाईच्या हातातली चरवी वाकडी झाली आणि तूप धुऱ्याच्या मातीत सांडलं. "वाढवून घे ना रजा."

"नाई भेटत."

"मंग दुसरा कोनी धाड तुह्यासारखा. तुमच्या त्या नालीवर कसं करता?"

"दुसरी तुकडी येते. ते गेले का तिसरी. पन आता तेही कठीन होऊन राह्यलं, आत्या." तुळशीराम आता सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलू लागला, कारण शिपाई असला तरी चार लोकांनी ऐकलेलं त्यालाही आवडत असे. "आमच्या साहेबानं सांगतलं. विमानं घ्याले, तोफा घ्याले कोन्याच देशाले कमी पडत नाई. एका विमानाच्या खर्चात आमची अख्खी तुकडी किती दिस जेवन. पन आमच्या भाकरीची वर्गनी मागतली का एक देश म्हनते, म्या भांडन लावलं नाई, म्या काऊन देऊ. दुसरा म्हनते, तो देत नाई तं म्याही देत नाई. असंच राह्यलं तं एक दिस निळ्या टोप्या बंद होतीन म्हनतात."

"अन् मंग नालीवर काय होईन?" मंजुळाबाईने विचारलं. भरीत वाढायचा डाव तिच्या हातात तसाच राहिला होता.

"ते कोनालेच ठाऊक नाई, काकू. आमी उभे हाओत तोवर शांत हाय. पन इतके वर्स आमी मधी उभे हाओत, अन् त्या दोघांनी एकमेकाले साधा रामराम केला नाई. त्याहिले सांगाचं असलं का ते आमाले सांगतात. आमी मधी, म्हनून त्याहिले बोलाचं काम पडत नाई."

शालूबाईने सुस्कारा टाकला. "आमच्या घरी तेच हाय. जागल्याले दोन्ही वेळा भाकरी, कुत्र्याले भाकरी, अन् मी नवं लुगडं मागतलं का हंगाम वाईट."

कोणीतरी हसलं. महादेवराव म्हणाले, "तुळशा, त्याले सांग, जागले त्यानंच आधी वाढवले." आणि कडूबा म्हणाला, "त्याले सांग, आधी ठेवला कोनं." आणि तुळशीराम पुन्हा मान इकडून तिकडे करू लागला.

रुखमाबाई त्याच्याकडे पाहत राहिली. हेच ते. हा पोरगा मध्ये आहे म्हणून हे दोघे सुखाने अबोला धरून बसले आहेत. हा गेला की त्याच संध्याकाळी बंदूक एकाच्या खांद्याला आणि सेल दुसऱ्याच्या बॅटरीत. माघापर्यंत तिला दुसरा तुळशीराम मिळणार नव्हता. जे व्हायचं ते आज, या जेवणात, नवसाच्या पंगतीत व्हायला हवं होतं. या पंगतीतून तोंडाला तोंड लागलं तरी कोणी उठून जात नसे, तशी मनाई होती. मध्येच उठणाऱ्याला म्हसोबा सोडत नाही, ही भीती दोघांनाही लहानपणापासून होती. फक्त नवसाचा माणूस तेवढा उठे, शेवटची वाढ त्याने आपल्या हाताने वाढायची म्हणून.

"तुळशा, ऊठ," ती म्हणाली. "वाढ कर."

"अवं, ते शेवटी असते," अन्नपूर्णाबाई घाबरून म्हणाली.

"आजपासून मधी," रुखमाबाई म्हणाली. माहेरवाशिणीचा शब्द होता, कोणी मोडला नाही. तुळशीराम उठला. रुखमाबाईने त्याची पत्रावळ उचलून त्याच्या हातात दिली, तुपाची चरवी महादेवरावांच्या गुडघ्याशी टेकवली आणि पोराला दंडाला धरून थेट ओळीच्या टोकाला नेलं. "इथून वाढ सुरू कर. मधी येऊ नको. मंजुळे, वहिनी, तुमीही नाई. कोकिळे, तू तं बिलकुल नाई."

"आत्या, हे बरं नाई," तुळशीराम कुजबुजला. "काठ्या जवळ हायेत."

"मले दिसते."

धुऱ्यावर आता कोणी नव्हतं. महादेवराव आणि कडूबा शेजारी शेजारी बसले होते आणि त्यांच्या मध्ये फक्त बोरीचा काटेरी पाला पडला होता. कडूबाच्या पानावर रोडगा कोरडा पडला. त्याने तुपासाठी मान वर केली, एकही बाई जवळ आली नाही. महादेवरावांच्या ते ध्यानात आलं. सवयीने ते म्हणाले, "तुळशा, त्याले सांग, तूप..." आणि शेजारी वळले तर तिथे सांगायला कोणी नव्हतं. वाक्य तसंच तोंडात राहिलं. सगळी पंगत चावायची थांबली. रुखमाबाईने कोकिळेचा हात इतका घट्ट धरला की बांगडी पिचली.

महादेवरावांनी चरवी उचलली आणि धुऱ्यावरून पुढे सरकवली. "घे," ते म्हणाले.

कडूबाने घेतली आणि ओतली. ओततच राहिला.

"हाव, संपव," महादेवराव म्हणाले. "लहानपनापासून असाच हाय तू. आई तुले चोरून तूप वाढे."

"तू मोजत होता का बे आईचा हात?"

"मोठ्या भावाले बे म्हनतं?"

"मंग काय म्हनू? सात वर्स भाऊ म्हनाले बोलावलं का कधी?"

"तू आला का? माहा पाय मोडला तवा अख्खं गाव येऊन गेलं. तू तेवढा आला नाई."

"आलो होतो. तुह्या कुत्र्यानं आत येऊ देल्लं नाई."

महादेवराव म्हणाले, "तो तुह्याच कुत्र्याचा पोरगा हाय." मागे कोणालातरी ठसका लागला. पण भावांना हसू येत नव्हतं, त्यांच्या गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या. काळ्या जमिनीचा तुकडा निघाला, विहिरीची पाळी निघाली, वडिलांच्या तेराव्याला कोण कोणाकडे पाठ करून बसलं ते निघालं. सात वर्षांचं सगळं एकाच दमात बाहेर येत होतं. मग कडूबा म्हणाला, "अन् आता कोकिळेच्या लग्नात मले येऊ देत नाई."

"म्या? तूच निरोप धाडला, तो येत असन तं मी येत नाई."

"तू आधी धाडला."

"त्या पोरीले बोहल्यावर मी आनीन. मी मोठा मामा हाओ."

"मोठा असशीन. कोकिळेले देवी आल्या तवा कडेवर घेऊन मी बसलो होतो. मीच आनीन."

महादेवराव उठले. पंगतीतून उठले. अन्नपूर्णाबाईने डोळे मिटून म्हसोबाचं नाव घेतलं. ते ताडताड बोरीकडे गेले आणि काठ्यांच्या ढिगात हात घातला. तुळशीराम पुढे झेपावला, रुखमाबाईने त्याला दोन्ही हातांनी मागे ओढलं. ती त्याला सोडेना.

महादेवरावांनी एक काठी घेतली, परत आले आणि तिच्या टोकाने मातीत रेघ ओढली.

"हे बोहलं," ते म्हणाले. "ही कोकिळा. उजव्या अंगाले मी. डाव्या अंगाले तू. समजलं?"

कडूबा उष्ट्या हाताने उठला. त्याने मातीतली कोकिळा पायाने पुसली आणि बोटाने दुसरी काढली. "बोहल्याचं तोंड पूर्वेले असते, तुले तेवढंही ठाऊक नाई. उजव्या अंगाले मी."

"उजव्या अंगाले मोठा राहते."

"कोन्या शास्तरात लिहेल हाय?"

दोघे रेघा ओढत, पुसत, खांद्याला खांदा घासत मांडव मांडू लागले. मांडवाचा एक खांब महादेवरावांच्या शेतात गेला, दुसरा कडूबाच्या. भांडणाचा आवाज पार गावठाणापर्यंत गेला असावा, कारण लोक काय झालं म्हणून पळत येताना दिसू लागले.

"ताई, थांबवा ना त्याहिले," मंजुळाबाई रडकुंडीला येऊन म्हणाली.

"खबरदार कोनी थांबवलं तं." रुखमाबाई हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, तिला ते पुसायचंही सुचलं नाही. "सात वर्सांनी माहे भाऊ एकमेकाशी भांडून राह्यले. भांडू द्या पोटभर."

कोकिळा लाजून शालूबाईच्या पाठीमागे लपली. तुळशीराम आपली उचललेली पत्रावळ हातात घेऊन तसाच उभा होता. "आत्या," तो म्हणाला, "मंग मी लग्नाले नसलो तं चालन?"

"तू जाय बाबा तुह्या पलटणीत," रुखमाबाई म्हणाली. "तिकडी त्या नालीवरही कोनाची तरी बहीन वाट पाहत असन."

मग सकाळपासून पहिल्यांदाच ती खाली बसली, पान पुढे ओढलं आणि रोडगा कुस्करायला घेतला.